ठराव झाला 'चाफा' लावायचा, पण कुठला चाफा?

नेरूळ_पूर्व
आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव मंजूर: 'पश्चिमेच्या भिंतीलगत चाफ्याची बारा झाडे लावण्यात यावीत.' खरेदीची वेळ आली तेव्हा कळलं की एकमत फक्त शब्दावर होतं. एका गटाच्या डोळ्यांसमोर सोनचाफा आहे, दुसऱ्याच्या देवळाबाहेरचा पांढरा, सचिवांना हिरवा चाफाच हवाय. नर्सरीवाला म्हणतो, 'नागचंपा घेऊन जा साहेब, बारमाही फुलतो.'

जागेची माहिती: भरावाची जमीन. भिंत आणि गाड्यांचा रस्ता यांच्यामध्ये सहा फुटी पट्टा, एका कडेने ड्रेनेजची लाइन. दुपारी बारानंतर कडक ऊन. पाणी बोअरचं.

चाफा या नावाखाली नेमकी किती झाडं येतात आणि त्यातलं इथे काय जगेल?

तिरफळ
सचिवांना आधी सांगा की हिरवा चाफा हे झाड नाही, आधार घेत चढणारं झुडूप आहे. बारा हिरवे चाफे म्हणजे बारा मांडव. पुढच्या सभेत मांडवाचा ठराव घ्यावा लागेल.

रानभेंडी
ज्या फुलाचा घमघमाट लांबून येतो त्याला चाफा म्हणून आपले लोक मोकळे झालेत. शास्त्रीय दृष्ट्या यांचं एकमेकांशी नातं जवळजवळ शून्य.

सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. जुन्या पुस्तकांत मिशेलिया चंपाका सापडेल, झाड तेच. संस्कृतातला चंपक हाच. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंतचं आणि आपल्या सह्याद्रीतलं झाड. पानाच्या बेचक्यात एकेकटं फूल येतं.

पांढरा चाफा, देवचाफा, खुरचाफा, कोकणात कुठे खैरचाफा: हा प्लुमेरिया. मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचा. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, कारण कूळ कण्हेर-करवंदाचं. चार्ल्स प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून प्लुमेरिया. आपल्या देवळांत इतका मुरलाय की परदेशी म्हटलं तर लोकांना राग येतो.

हिरवा चाफा आर्टाबोट्रिस, सीताफळाच्या कुळातला. नागचाफा मेसुआ फेरिया. भुईचाफा तर झाडच नाही, हळद-आल्याच्या कुळातला कंद आहे. एप्रिल-मेमध्ये नुसतं फूल जमिनीतून वर येतं, पानं मागाहून. आणि कवठी चाफा, ज्यावर दोन नर्सरीवाल्यांचं कधी एकमत होत नाही.

कुंडीवाली
ओळखायला सोपी युक्ती, पाकळ्या मोजा. पाच असतील तर देवचाफा. सहा जाडसर असतील तर हिरवा. चार पांढऱ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असेल तर नागचाफा. दहा-बाराच्या पुढे अरुंद लांबट पाकळ्या असतील तर सोनचाफा. फूल नसेल तर देठ खुडून चीक बघा. बघितल्यावर हात धुवा, तो चीक डोळ्यात गेला की आग होते.

कळवा_खाडी
मग उंडीला सुलतान चंपा का म्हणतात? तिलाही पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळे केसर आहेत. उंडी आणि नागचाफा एकच का?

रानभेंडी
@कळवा_खाडी, एक नाहीत, पण तुमचा घोळ साहजिक आहे, दोन्ही एकाच कुळातले. पान बघा. उंडीचं पान रुंद, गोलसर टोकाचं, त्यावर बाजूच्या शिरा अगदी जवळजवळ समांतर. नागचाफ्याचं पान अरुंद, टोकदार, खालून पांढुरकं, आणि नवी पालवी लालभडक. उंडी किनाऱ्याची, खारं वारं सहज पचवते. नागचाफा ओल्या जंगलातला, लहानपणी सावली मागतो आणि वाढतो अतिशय सावकाश. श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष तो हाच.

हळदीकुंकू
नर्सरीतला 'नागचंपा' हा नाही. ठाण्यात घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत नागचंपा मागितलात की प्लुमेरिया प्युडिका देतात. पान टोकाकडे फण्यासारखं रुंद होतं म्हणून ते नाव. झुपकेदार पांढरी फुलं, फुलतो खूप, पण वास जवळपास नाही. नेरूळकर, तुमचा नर्सरीवाला हाच विकतोय.

तिरफळ
म्हणजे वास नसलेला चाफा. रानभेंडींच्या व्याख्येचा पहिल्याच दिवशी निकाल लागला.

रानभेंडी
व्याख्या मागे घेत नाही, प्युडिकाचं नाव मागे घ्या :) त्याचा सोनचाफ्याशी संबंध चुलत-चुलत म्हणण्याइतकाही नाही.

गोडा_मसाला
जरा अवांतर. नागचाफ्याचे केसर म्हणजे नागकेशर, मग वाण्याकडचं मसाल्याचं नागकेशर काळं, देठासकट बारीक फळासारखं का दिसतं? केसर तर पिवळे हवेत.

हळदीकुंकू
कारण ते मेसुआचं नसतंच. बाजारातलं काळं नागकेशर म्हणजे दालचिनीच्या जातीच्या झाडांची कच्ची फळं, तळाशी पेल्यासकट वाळवलेली. तांबडं नागकेशर म्हणून मिळतं त्या सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या. आयुर्वेदात अपेक्षित आहे ते मेसुआचे पुंकेसर. गोड्या मसाल्यात आपली जीभ काळ्यालाच सरावलीय, तेव्हा मसाल्यासाठी तेच घ्या. औषधासाठी मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय वाण्याची पुडी वापरू नका.

मुलुंड_चेकनाका
'चाफेकळी नाक' म्हणतात ते कुठल्या चाफ्याचं?

कुंडीवाली
सोनचाफ्याचं. सरळ, निमुळती, टोकदार कळी. देवचाफ्याची कळी पिळा घातलेली असते. तसं नाक असेल तर वधूवर सूचक मंडळात फोटो बाजूने काढू नये.

पूर्वांचल
शेजारच्या भाषांत आणखी गंमत आहे. बंगालीत सोनचाफा स्वर्णचांपा, हिरवा चाफा कांठालिचांपा (पिकलेल्या फणसाच्या वासावरून), आपला सोनटक्का दोलनचांपा. आणि देवचाफ्याला चांपा म्हणतच नाहीत, तो काठगोलाप. हिंदीत तो चंपाही होतो आणि गुलचीनही. हिंदीतला कनकचंपा म्हणजे आपला मुचकुंद, ज्याच्या पानांच्या पत्रावळी करतात. तमिळमध्ये सोनचाफा शेणबगम, हिरवा मनोरंजितम. कन्नडात सोनचाफा संपिगे, बंगळुरात त्या नावाचा रस्ताच आहे.

देशाबाहेर: इंडोनेशियात चंपकाचं झालं 'चेम्पाका', आणि देवचाफा मात्र 'कंबोजा', जो तिथे कबरस्तानात लावायची रीत आहे. लाओसचं राष्ट्रीय फूल 'डोक चंपा' आहे, पण तो सोनचाफा नव्हे, प्लुमेरिया. शेजारच्या थायलंडात चंपा म्हटलं की सोनचाफा. म्हणजे मेकाँग ओलांडली की चाफा बदलतो.

थायलंडात देवचाफ्याचं जुनं नाव दुःखाच्या शब्दाशी जुळतं म्हणून लोक घरी लावत नसत. हल्ली त्याला 'लीलावदी' म्हणतात आणि हॉटेलांच्या दारात रांगेने उभा असतो.

वाशी_सेक्टर
सगळं छान आहे, पण नेरूळकरांचा पट्टा अजून रिकामाच आहे.

बांधावरचा
येतो जमिनीवर. भरावात आधी झाड निवडायचं नाही, आधी खड्डा करायचा. पट्ट्यात तीन ठिकाणी दोन फूट खोल खणा. एकदा पाण्याने भरून जिरू द्या, मग संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी तळाशी पाणी उरलं असेल तर तिथे सोनचाफा लावू नका, मुळं पावसाळ्यात कुजतील. दिसायला झाड सुकल्यासारखं दिसतं, पानं लोंबतात, आणि लोक समजतात पाणी कमी पडलं. मग आणखी पाणी घालून मारतात.

खणताना काय निघतं तेही बघा. सिमेंटचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, विटांचा राडारोडा असेल तर माती चुनखडीसारखी होते. सोनचाफ्याला किंचित आम्ल माती लागते. अशा जागी त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, म्हणजे लोह उचललं जात नाहीये. शेणखत कितीही घाला, फरक पडत नाही. राडारोडा काढून टाकणं हाच उपाय, तोवर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं असं लोह) लिटरला १ ग्रॅम याप्रमाणे पानांवर फवारा.

तिसरं, बोअरचं पाणी. स्वस्तातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. हजारच्या पुढे आकडा गेला तर सोनचाफ्याच्या जुन्या पानांच्या कडा करपतील. घोडबंदरच्या मोठ्या संकुलांत बागेला एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून मिळणारं) पाणी देतात, तिथेही हीच तक्रार. देवचाफा हे सगळं बऱ्यापैकी सोसतो, उंडी तर आरामात.

सोनसळी_ठाणे
@बांधावरचा, सोनचाफ्याला इतकं नाजूक ठरवू नका. वसईत तो शेतात होतो, दादरच्या फूलबाजारात तिथूनच येतो, आणि वसई काय डोंगरावर आहे? समुद्रालगतच की. निचरा असेल तर चालतो. नेरूळलाही दीड फूट उंच वाफा बांधून लावता येईल.

बांधावरचा
वसईची बागायत माती आणि मुरूम-डेब्रिजचा भराव एकाच पारड्यात घालू नका. वाफ्याचं म्हणणं मान्य. पण वाफा भिंतीला टेकवू नका, ओल भिंतीत जाईल आणि मग ठराव वॉटरप्रूफिंगचा. मध्ये नऊ इंच मोकळे सोडा.

सोनसळी_ठाणे
सोनचाफा घेणार असाल तर कलमच घ्या. बियांचं रोप फुलायला सात-आठ वर्षं घेतं, कधी जास्तही. जंगलात ते तीस मीटरवर जातं. सोसायटीतही चौथ्या मजल्यापर्यंत सहज पोचतं आणि सगळी फुलं शेंड्याला, खाली उभ्या माणसाला फक्त वास. शिवाय फांद्या ठिसूळ, वादळी पावसात गाड्यांवर पडतात.

कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलतं. कोकणातलं वेलणकर म्हणून मिळतं ते यासाठीच चालतं. घेताना हे बघा:
जोड जमिनीपासून वीतभर वर हवा, आणि त्यावरची प्लास्टिकची पट्टी काढलेली हवी. राहिली तर वर्षभरात खोडाला करकोचा पडतो आणि वाऱ्यात तिथेच मोडतं. जोडाच्या खालून फुटवे आले की लगेच बोटाने मोडा. खुंटही (ज्यावर कलम बांधतात ते रोप) सोनचाफ्याचाच असतो, पान बघून फरक कळत नाही, फुटवा कुठून आलाय एवढंच बघायचं. हे न केल्याने दोन-तीन वर्षांत कलम दबतं, वर खुंटाचं झाड वाढतं आणि 'नर्सरीवाल्याने फसवलं' अशी बोंब होते.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट. निम्मी लाल माती, पाव शेणखत, पाव जाड रेती. दोन कलमांत दहा फूट. दरवर्षी फुलांचा मोठा बहर ओसरल्यावर शेंडे छाटा म्हणजे सात-आठ फुटांत राहतं. दिवसाला किमान पाच तास ऊन.

कुंडीवाली
गच्चीवरच्यांसाठी: अर्ध्या कापलेल्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये कलम छान होतं. तळाला भोकं आणि ड्रमखाली विटा, नाहीतर भोकं स्लॅबवर बसून बंद होतात. पिठ्या ढेकूण आला तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन मिली भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

पांढऱ्या फुलांचा सोनचाफा (मॅग्नोलिया अल्बा) कोणाला हवा असेल तर तो संकर आहे, बी क्वचितच धरतो. त्याची गुटी नाहीतर कलम. गुटी जूनमध्ये बांधा: पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढा, आतला बुळबुळीत थर सुरीने खरवडून टाका, मुळं फुटायची पावडर लावा, भिजवून पिळलेलं मॉस मूठभर बांधा, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. दोन-अडीच महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की उतरवा. थर खरवडायचा राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत.

भुंगा
चाफ्यावर भुंगा बसत नाही म्हणतात, ते कुठल्या चाफ्याबद्दल?

रानभेंडी
मूळ समज सोनचाफ्याचा. त्याच्या फुलात मध नाही, परागीभवन मुख्यत्वे बारीक भुंगेऱ्यांसारखे कीटक करतात. मॅग्नोलियाचं कूळ फार जुनं, ते भुंगेऱ्यांच्याच भरवशावर आहे. देवचाफ्यातही मध नाही, पण तो रात्री वास जास्त सोडून मोठ्या पतंगांना फसवतो. ते बिचारे मध शोधत फुलाफुलांत सोंड घालत फिरतात आणि त्याचं काम होऊन जातं. तेव्हा तुमचं सदस्यनाम दोन्हीकडे निषिद्ध.

तिरफळ
सचिवांच्या हिरव्या चाफ्याची बाजू कोणीच घेत नाही, मीच घेतो. एकच लावा, गेटच्या कमानीवर. त्याच्या फुलाच्या देठाला आकडा असतो, तो ज्याला लागेल त्याला धरून चढतो. फूल आधी पानाच्याच रंगाचं, दिसत नाही आणि वासही नाही. पिवळं पडायला लागलं की पिकलेल्या फळांचा वास सुटतो आणि मग सगळे शोधत फिरतात. कोवळ्या फुटीवर फुलं येतात म्हणून बहरानंतर छाटणी करायची, नाहीतर आत लाकूड आणि बाहेर जंगल.

कळवा_खाडी
आणि कवठी चाफा राहिला.

रानभेंडी
कवठी म्हणजे अंड्यासारखी कळी. ठेंगण्या झुडपासारखा एक मॅग्नोलिया आहे, पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वास आणि सकाळी हात लावला की पाकळ्या गळून हातात. जुन्या माणसांचा कवठी तो. पण नर्सरीत त्याच नावाने अमेरिकेच्या दक्षिणेचा मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा पण देतात, हिंदीतला हिमचंपा. पानाखाली तपकिरी मखमल असेल तर तो ग्रँडिफ्लोरा. नेरूळच्या उन्हात दोन्ही नकोत.

नेरूळ_पूर्व
सर्वांचे आभार. खड्डे खणून पाहिले. तीनपैकी दोन ठिकाणी सकाळी पाणी होतं, तिसरीकडे नव्हतं. टीडीएस १३५०. खणताना निघाल्या त्या टाइल्स आणि काँक्रीट. म्हणजे पट्ट्यात देवचाफाच दिसतोय. शेजारच्या सोसायटीने फांद्या द्यायची तयारी दाखवलीय. कशा लावायच्या? आणि त्याच्या पानांखाली पावसाळ्यात नारिंगी पूड दिसते ते काय?

बांधावरचा
फेब्रुवारी आहे, अगदी योग्य वेळ. साल हिरवी न राहता राखाडी झालेली फांदी घ्या, फूट ते दीड फूट लांब, अंगठ्याएवढी जाड. पानं काढून टाका. सावलीत उभी करून आठ-दहा दिवस सुकू द्या, कापलेली जागा कोरडी, टणक झाली पाहिजे. ताजी फांदी ओल्या मातीत खोचली की खालून काळी, मऊ होते आणि गेली. मग निम्मी रेती, निम्मी माती घालून पिशवीत तीन-चार इंच खोल लावा, काठीला बांधा. एकदा पाणी द्या, नंतर पानं फुटेपर्यंत जवळजवळ नाहीच. दीड-दोन महिन्यांत मुळं, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवर. दोन झाडांत आठ फूट. पाणी साचणाऱ्या दोन ठिकाणी माती फूटभर उंच करून.

गोल टोकाच्या पानांचा, वर्षभर पानं ठेवणारा प्लुमेरिया ऑब्टुसा मिळाला तर तोही घ्या, मात्र त्याच्या फांद्या टोकदार पानाच्या प्लुमेरिया रुब्राइतक्या सहज धरत नाहीत. पंधरा लावा म्हणजे बारा जगतील.

हळदीकुंकू
नारिंगी पूड म्हणजे तांबेरा बुरशी. रुब्राला जास्त, पावसाळ्यात हमखास. झाड मरत नाही, पानं आधी गळतात. पडलेली पानं रोज उचलून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी बुंध्याला, पानांवर पाइप मारायचा नाही. झाडं दाटीने लावली नाहीत तर औषधाची वेळ येत नाही.

वाशी_सेक्टर
ठराव दुरुस्त करताना शास्त्रीय नाव आणि फोटो दोन्ही जोडा. आणि पट्ट्यात आधीचं एखादं झाड आडवं येत असेल तर परस्पर तोडू नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे खाजगी आवारातही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

सोनसळी_ठाणे
पाणी न साचलेल्या त्या तिसऱ्या जागी एक सोनचाफ्याचं कलम बसवा. राडारोडा दोन फुटांपर्यंत पूर्ण काढून, लाल माती भरून, आणि त्या एका झाडाला बोअरऐवजी महापालिकेचं पाणी, आठवड्याला तीन बादल्या.

नेरूळ_पूर्व
ड्रेनेजची लाइन तिथून अडीच फुटांवर आहे. चालेल?

बांधावरचा
छाटून आठ फुटांत ठेवलेल्या कलमाला चालेल. लाइनच्या बाजूला दोन फूट खोल उभी जाड प्लास्टिकची शीट पुरा, आणि चेंबरचं झाकण वाफ्याखाली जाऊ देऊ नका.